बिडाचा तवा : घावनासाठी दुसरा नको, पोळीसाठी हा नको

नॉनस्टिकचा थर दीड-दोन वर्षांत उडाला की दुकानदार हल्ली बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा पुढे करतो. घ्यावा का? घावन, आंबोळी, डोसे, थालीपीठ आठवड्यातून दोनदा तरी होत असेल तर जरूर. फक्त फुलके आणि पोळ्याच होत असतील तर पत्र्याचा लोखंडी तवाच बरा. बीड जाड, त्यामुळे आच कमी-जास्त केली तरी ते लगेच ऐकत नाही. शिवाय पोळीचं पीठ जळून तव्यावरचा तेलाचा थर कोरडा पडतो आणि पुढचा डोसा चिकटतो.

१० इंची घ्या. साधारण दोन-अडीच किलो भरतो. १२ इंची दिसायला छान, पण घरच्या शेगडीची ज्योत मध्यावरच राहते. बिडातून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने फार हळू पसरते, त्यामुळे मध्य करपतो आणि कडा पांढऱ्याच राहतात. इंडक्शन असेल तर बूड सपाट आहे ना, हे ओट्यावर ठेवून बघा. तवा डुगडुगला तर परत द्या. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजला पाहिजे. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा असतो. बीड ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की तुटतं, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तडकू शकतं.

‘प्री-सीझन्ड’ (तेलाचा थर आधीच दिलेला) असं लिहिलेलं असलं तरी घरी तीन-चार थर द्यावेच लागतात. तवा साबणाने धुवा, गॅसवर पूर्ण सुकवा. अर्धा चमचा सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल दोन्ही बाजूंना चोळा, आणि मग कोरड्या फडक्याने जणू चुकून लागलं होतं अशा तऱ्हेने पुसून काढा. खिडकी उघडी ठेवून मध्यम आचेवर धूर थांबेपर्यंत तापवा, निवू द्या, पुन्हा करा. बहुतेकांचं बिनसतं ते या पुसण्यात. तेल जास्त राहिलं की कडक थराऐवजी चिकट डिंकासारखं काहीतरी तयार होतं. तसं झालं तर जाड मिठाने घासून पुन्हा तापवायचं. जवसाच्या तेलाची शिफारस बरेच जण करतात. थर सुरेख काळा येतो, पण पुढे पापुद्रे सुटतात.

खरी मजा घावनाला. एक वाटी तांदळाच्या पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ. तवा मंद ते मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर गोळी होऊन पळाला पाहिजे, नुसता चुरचुरला तर अजून वेळ आहे. अर्ध्या कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने तेल फिरवा. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळून, कडेकडून मध्याकडे ओता आणि झाकण ठेवा. बिडात उष्णता साठलेली असल्याने पातळ पीठ पडूनही तवा फारसा गार होत नाही, म्हणून जाळी पडते. कोकणात याच तव्याला भिडं म्हणतात. पहिलं घावन बिघडलं तर मनाला लावून घेऊ नका. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथणं घालायचं नाही. ओढाताण केली की घावन फाटतंच, वर थरही खरवडला जातो.

टोमॅटो ऑम्लेट पटकन होतं, तेवढं चालतं. चिंच-कोकमाचं रटरटणारं काही मात्र नको. आंबटाने थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

धुताना थोडा साबण चालतो, तारेची घासणी आणि भिजत ठेवणं चालत नाही. कामाच्या बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगा. धुतल्यावर गॅसवर दोन मिनिटं सुकवून तेलाचा हात फिरवायचा. गंज आलाच तर तव्याचं काही बिघडत नाही. तेवढ्यापुरती तारेची घासणी वापरून गंज काढा आणि थर पहिल्यापासून द्या.

मनगट दुखत असेल तर एका दांड्याचा घेऊ नका, दोन कानांचा घ्या. कान तापतात, जाड फडकं हाताशी ठेवा.