रीपर: सहा महिने छान, मग प्लगिन गायब

रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरची फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, ती सोडा. पावसात लाईट येता-जाता लॅपटॉपने मान टाकली, विंडोज नव्याने टाकावं लागलं, तेही गणेश चवथीच्या तोंडावर, आमच्या फोंड्याच्या मंडळाच्या घुमट आरतीचं (घुमट म्हणजे कातड्याने मढवलेलं आमचं गोव्याचं मातीचं तालवाद्य) मिक्सिंग अर्धवट असताना. प्रोजेक्ट उघडला तर 'हे इफेक्ट उपलब्ध नाहीत' म्हणून प्लगिनची (रीपरला जोडायच्या, आवाजावर इफेक्ट देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) लांबलचक यादी.

व्हीएसटी३ या नव्या पद्धतीचे प्लगिन परत टाकल्यावर आपोआप दिसले, त्यांचं फोल्डर ठरलेलं असतं. जुन्या व्हीएसटी पद्धतीच्या प्लगिनच्या फाइली (डीएलएल) डी ड्राइव्हवर होत्या. प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटीच्या पानावर तो पाथ घातला, री-स्कॅन केलं, त्याही आल्या. अडला तो एकच, पैसे मोजून घेतलेला रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगिन).

इथे माझं रीपरशी भांडण आहे. स्कॅन झाल्यावर फेल झालेल्या प्लगिनचं नाव दाखवतो, कारण नाही. अरे बाबा, एक ओळ लिहायला काय जातं? वर त्या नापासाची नोंद स्वतःच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलीत करून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच्या वाटेलाच जात नाही. म्हणून कॅश (म्हणजे ही जुनी नोंद) क्लियर करूनच री-स्कॅन करा.

रिव्हर्बवाल्यांना मेल केली. उत्तर: अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा. केलं. पुन्हा तेच उत्तर, खाली सही तेवढी दुसऱ्याची. शेवटी निघालं काय, तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रनटाइम (काही प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच) नव्या विंडोजवर नव्हता. जुन्यावर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आला असणार. फुकट मिळतो. टाकला, कॅश साफ, स्कॅन, प्लगिन हजर. पैसे घेणाऱ्यांनी तो इन्स्टॉलरमध्येच द्यायला नको?

तोवर मी दोन स्टार ठरवले होते. पण प्रोजेक्ट उघडला तर घुमटावरचा रिव्हर्ब जसाच्या तसा, डिके (घुमारा किती वेळ टिकतो), प्री-डिले (तो किती उशिरा सुरू होतो) सगळं जागेवर! घोरपडीच्या जागी बोकडाचं कातडं आल्यापासून घुमटाचा खर्ज सांभाळणं जिकिरीचं झालंय, त्या सेटिंग्जवर रात्री गेल्या होत्या. प्लगिन नसताना मी मधे सेव्ह करत होतो, तरी रीपरने त्या जपल्या. प्रोजेक्टची आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा: प्लगिनच्या नावाखाली अगम्य अक्षरांचा गठ्ठा दिसेल, त्याच त्या सेटिंग्ज.

म्हणून चार स्टार. पाचवा कारण लपवल्याबद्दल कापला. ६० दिवस चालवून बघता येतं, छोट्या कामाला लायसन्स ६० डॉलर, आणि व्हर्जन ७ चं लायसन्स व्हर्जन ८.९९ पर्यंत चालतं, तेव्हा पैशांची तक्रार नाही. रिव्हर्बवाल्यांचं नवं व्हर्जन मात्र घेणार नाही. पुढच्या आरतीला रीपरबरोबर फुकट येणारा रिॲव्हर्बेट हा रिव्हर्ब लावीन.