अजिंक्यतारा की यवतेश्वर?

साताऱ्यात नव्याने राहायला आलेल्या भाच्याला रोज सकाळी चढायला डोंगर हवाय, पण कोणता ते ठरत नाही.

वेळेत अजिंक्यतारा सरस. गावातच असल्याने चढून-उतरून ऑफिस गाठता येतं. गुडघे कुरकुरत असतील तर डांबरी रस्ता धरावा. पावसाळ्यात पायवाटेवरचे दगड शेवाळलेले असतात, झिजलेल्या तळव्यांचे बूट हमखास घसरतात. वर मंगळाईचं दर्शन होतं, तेही मोलाचं.

यवतेश्वरचा घाट लांब, त्यामुळे दम वाढतो. हिल मॅरेथॉनचा २१ किलोमीटरचा मार्ग इथूनच जातो. मात्र हा कासच्या फुलांच्या पठाराकडे जाणारा रस्ता. फुलांच्या हंगामात, सप्टेंबरातल्या रविवारी, गाड्यांच्या रांगेत पळणं धोक्याचं.

खर्च दोन्हीकडे फक्त बुटांचा.

रोजच्या व्यायामाला अजिंक्यतारा. शर्यतीची तयारी असेल तर आडवारी, पहाटे, यवतेश्वर.