वैनगंगेचा डोंगा, सात महिने वापरल्यानंतर: फळीसकट चाळीस रुपये

नावेला नावं ठेवायची नाहीत असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण आपल्या गाडीच्या सायलेन्सरमधून वैनगंगा ओतली जाताना ज्यानं पाहिलीय, त्याच्याकडून फार समंजसपणाची अपेक्षा ठेवू नका.

घाट चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या मधला. नाव लिहीत नाही, कारण दिवाळीनंतर मला परत त्याच डोंग्यात चढायचंय. माझा धंदा कोंबडीच्या पिल्लांचा. अलीकडच्या थडीवरून एक दिवसाची पिल्लं उचलायची आणि पलीकडच्या गावांत बचत गटाच्या बायांना द्यायची. आठवड्यातून तीन फेऱ्या. घाटानं चौदा किलोमीटर, पुलावरून बावन्न. जाऊन-येऊन शहात्तर किलोमीटर वाचतात. माझी जुनी गाडी लिटरला पन्नास देते, म्हणजे दीड लिटर पेट्रोल, एकशे साठ रुपये. डोंग्याचं भाडं गाडीसकट तीस, दोन्ही वेळचे साठ. फेरीमागे शंभर रुपये खिशात. हा हिशोब मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घाटावरच्या पानठेल्याच्या खांबाला टेकून केला आणि त्याच दिवशी डोंग्याचा भक्त झालो.

डोंगा म्हणजे इथं एक नाही, दोन. शेजारी शेजारी जोडून वर पाट्या ठोकलेल्या. माणसं कडेला, गाड्या मधे. तीन गाड्या आरामात, चार दाटीवाटीनं, आणि बाजाराच्या दिवशी पाच, तेव्हा शेवटच्या गाडीचा मालक तिला मिठी मारून उभा असतो. खोल पाण्यात लहान डिझेल इंजिन, उथळात बांबू. पंधरा मिनिटांत पलीकडे. थंडीत सकाळी नदीवर धुकं असतं, पलीकडची थडी दिसतच नाही आणि नावाडी मामा तरी नेमके घाटाच्या तोंडाशी नेऊन लावतात. कसं, ते विचारलं तर म्हणाले, "कुत्रा भुकते ना जी तिकडं." खरंच एक कुत्रा भुंकत होता. मी तेव्हापासून त्याला बिस्कीट टाकतो.

आता फळी.

घाटावर धक्का नाही, उतार नाही. चिखलाचा काठ आणि डोंग्याची कड, मधे दोन-अडीच फुटांची फट. तिच्यावर एक फळी टाकतात. रुंदी वीतभर आणि वर चार बोटं. लांबी सहा फूट. एक टोक चिखलात, दुसरं डोंग्याच्या कडेवर नुसतं टेकवलेलं. खिळा नाही, दोरी नाही, खाच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हँडल धरायचं आणि मागून कोणीतरी ढकलायचं. पुढचं चाक डोंग्यावर गेलं की डोंगा त्या बाजूला दबतो आणि दबता दबता काठापासून सरकतो. तो सरकला की फळीचं वरचं टोक कडेवरून घसरत जातं. मागचं चाक तेव्हा बरोबर फळीच्या मधोमध असतं. हे कोणाच्या नशिबाचं काम नाही, दर वेळी असंच होतं. फक्त बहुतेक वेळा गाडी फळीपेक्षा आधी पोचते. मी डिसेंबरभर ही गोष्ट प्रत्येकाला समजावून सांगितली. नावाडी मामांना, घाटाच्या ठेकेदाराच्या माणसाला, दुधाच्या कॅनवाल्यांना, लग्नाला निघालेल्या एका नवरदेवाच्या काकाला. काका म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर काय जी?"

सोळा जानेवारीला गाडी फळीपेक्षा उशिरा पोचली.

मागे शंभर पिल्लांचा खोका बांधलेला. पुठ्ठ्याचा, चार कप्प्यांचा, भोकांचा. गाडी आडवी झाली, रबराची पट्टी सुटली आणि खोका पाण्यावर तरंगायला लागला. गाडी सीटपर्यंत बुडाली, फक्त डाव्या बाजूचा आरसा वर. मी ओरडलो ते गाडीसाठी. मामांनी बांबू टाकला आणि कपड्यांसकट उडी मारली ती खोक्यामागे. मी काठावरून "गाडी, गाडी" करतोय आणि ते छातीभर पाण्यातून खोका डोक्यावर घेऊन येत येत म्हणतात, "गाडी कुठं जाते जी, पिल्लं चालली होती."

एक दिवसाच्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा शिल्लक असतो. दोन-तीन दिवस दाणा नसला तरी ते निभावतं. पण ओलं झालं आणि थंडी लागली की संपलं. पहिल्या आठवड्यात त्याला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि इथं जानेवारीची सकाळ. मामांच्या घरी मामींनी चुलीपुढे पोती अंथरली, दोन लुगड्यांत पिल्लं पुसली आणि टोपलीखाली झाकून ठेवली. अकरा मेली. एकोणनव्वद जगली. मी त्या एकोणनव्वदांना पाचव्या दिवशी रानीखेत रोगाच्या लसीचा डोळ्यात एक-एक थेंब टाकला तेव्हा दर पिल्लामागे मामींची आठवण काढली, एवढं नक्की.

गाडीचं मात्र बिल आलं. ज्यांची पुढे कधी बुडेल त्यांच्यासाठी सांगतो: बाहेर काढल्यावर सेल्फ मारू नका, किकही नको. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. मेकॅनिकनं आधी प्लग काढला, मग किक मारली, तर प्लगच्या भोकातून कारंजं. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. नवं टाकून गाडी थोडी चालवली, तेही काढून परत नवं. दोन वेळचं ऑइल सातशे साठ, एअर फिल्टर दोनशे वीस, प्लग एकशे दहा, मागच्या चाकाचं बेअरिंग तीनशे चाळीस, मजुरी सातशे, पिकअपवाला पाचशे. दोन हजार सहाशे तीस. पिल्लांचे तीनशे पंच्याऐंशी वेगळे. म्हणजे एका फळीनं माझ्या तीस फेऱ्यांची बचत खाल्ली.

ठेकेदाराकडे गेलो. त्याचं म्हणणं, तीस रुपये पाण्यावरून नेण्याचे. फळी काठावर, काठ सरकारचा. मी म्हटलं, पावती द्या, तीवर हेच लिहा. पावतीपुस्तक नाही. आजवर कोणी मागितलीच नाही, म्हणे. मी मागितली तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी डोंग्यात एसी मागितला. शेवटी दोन एकेरी फेऱ्या फुकट देतो म्हणाला. साठ रुपये. घेतल्या. का घेऊ नये?

वरचं एवढं मी फेब्रुवारीतच लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा शेवटी लिहिलं होतं की हा घाट वापरू नका. ते आता खोडतो. कारण रागाच्या भरात मी तीन आठवडे पुलावरून गेलो. बावन्न किलोमीटर, त्यात रेतीचे टिप्पर. पिल्लं डोंग्यात जेवढी शांत असतात तेवढी रस्त्यावर नसतात. खड्ड्यांनी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि खालची गुदमरतात. डोंग्यात माझं एकही पिल्लू दाटीनं मेलेलं नाही. तीन आठवड्यांत रस्त्यानं चौदा मेली. पेट्रोल वेगळं. चौथ्या आठवड्यात मी गुपचूप घाटावर उभा. कुत्र्यानं ओळखलं.

फळीचा विषय मात्र डोक्यातून गेला नाही. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या कामानं कोकणात गेलो होतो, तेव्हा दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं गेलो. वाशिष्ठीची खाडी. २००३ पासून ती बोट चालते, आणि ती नसेल तर चिपळूणवरून वळसा. ट्रक, एसटी, कार, सगळं आत. तेव्हा मी फक्त समुद्र पाहिला, मूर्खासारखा. आता आठवतं ते तिचं तोंड. बोटीचा पुढचा भागच लोखंडी पूल होऊन खाली येतो आणि काठावर टेकतो. बोटीच्या अंगाला बिजागरीनं जोडलेला असतो, म्हणून बोट हलली तरी तो तिच्यासोबत हलतो, सुटत नाही. सगळी करामत तिथंच आहे. इंजिन, पत्रा, भोंगा हे सगळं त्या एका बिजागरीच्या सेवेला. आपल्याकडे मोठी बोट नको, मान्य. पाणीच तेवढं नसतं. पण बिजागरीला किती पाणी लागतं?

मार्च संपता संपता पात्र आटलं. चिचडोहला बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, आहे, त्याच्या वरच्या अंगाला पाणी साठून राहतं; आमचा घाट पडला खाली. मधे नुसती रेती उघडी पडते. डोंगा लहान धारेपुरता चालतो आणि उरलेली दोन-तीनशे पावलं गाडी रेतीतून ढकलावी लागते. त्यासाठी घाटवाल्यांनी धानाची तणीस, म्हणजे पेंढा, अंथरून पट्टा केलाय, ही त्यांची खरी चांगली सोय, आणि तिचे वेगळे पैसे घेत नाहीत. चाकातली हवा थोडी कमी करा, गाडी रुतत नाही. दुपारी बारानंतर मात्र त्या रेतीवर पिल्लं नेऊ नका. खोक्याला ओलं गोणपाट घातलं तरी नाही.

लाइफ जॅकेटबद्दल लोक विचारतात म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बाया डोंगा उलटून बुडाल्या. हीच नदी. आमच्या डोंग्यात नारिंगी जॅकेटं आहेत, आठ. माणसं कधी वीस असतात. बाया ती पोरांना घालतात, आणि उरलेली मागच्या पाटीवर बसायला घेतात. मी आधी घालत नव्हतो, गरम होतं म्हणून. सोळा जानेवारीनंतर घालतो. कोणी हसलं तर हसू द्या.

एप्रिलमध्ये वेल्डरकडून दोन आकडे करून घेतले. आठ मिलिमीटरची सळई, एका बाजूनं फळीला बोल्ट, दुसऱ्या बाजूनं वाकवून डोंग्याच्या कडेवर अडकणारे. शिवाय फळीवर आडव्या तीन पट्ट्या ठोकल्या, पाय घसरू नये म्हणून. खर्च साडेतीनशे, माझा. ठेकेदाराला निम्मे मागितले. तो म्हणाला, आज फळी सुधारली तर उद्या लोक डोंगा सुधारा म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. मामांनी काही न बोलता फळी उलटी धरली आणि मला भोकं पाडू दिली.

पहिल्या दिवशी डोंगा दबला, सरकला आणि फळी त्याच्यामागून शेपटीसारखी गेली. घसरली नाही. दुधाच्या कॅनवाल्यांनी दोनदा वर-खाली करून पाहिलं. नवरदेवाचे काका नेमके त्या दिवशी नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आठवड्यानं गाडीचं भाडं तीसचं चाळीस झालं. का, विचारलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आता फळी चांगली आहे ना जी."

मी आकडे काढून घरी न्यायला निघालो होतो. खोटं नाही सांगत, खिशात पाना होता. मग हिशोब केला. चाळीसनंही फेरीमागे ऐंशी वाचतात, आणि गाडी पुन्हा बुडाली तर दोन हजार सहाशे तीस. पाना परत डिकीत ठेवला. पण चाळीस देताना दर वेळी सुटे चार दहाचे देतो आणि चौथा थोडा उशिरा देतो.

पूल होणार, अशी चर्चा घाटावर कायम असते. वर आंभोऱ्याला झालाच की, तारांवर पेललेला, मधे उंचावर काचेची गॅलरी. जिथं लोक नावेनं जायचे तिथं आता फोटो काढायला जातात. आमच्याकडे झाला तर मी पहिला नारळ फोडेन. तोवर घ्यायचा असेल तर हा घाट घ्या, सकाळी नऊच्या आत घ्या, बाजाराचा दिवस टाळा, आणि गाडी चढवण्याआधी आकडे अडकलेत का ते स्वतः वाकून बघा. वरच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की इथं कोणाचंच चालत नाही, ३३ दरवाजे आहेत. दिवाळीपर्यंत विषय बंद.

मृगाच्या चार दिवस आधी घाट बंद झाला. जोडलेले डोंगे सोडून वर ओढले, झाडाखाली पालथे घातले. जून संपताना उधारी मागायला मामांकडे गेलो होतो. फळी त्यांच्या अंगणात होती. कोंबड्यांचं खुराडं जमिनीपासून दोन फूट वर बांधलंय, त्याच्या दाराला माझे दोन्ही आकडे बरोबर बसलेत, आणि संध्याकाळी कोंबड्या त्या तीन पट्ट्यांवरून एकामागून एक आत चालल्या होत्या. माझ्याकडूनच नेलेली वीस पिल्लं, आता अंगानं भरलेली. त्यांचे सातशे रुपये अजून यायचे आहेत.