कारचा कंपनीचा स्टिरिओ बिघडला तर जुना सेट दुकानात सोडू नका

आमच्या गाडीचा कंपनी फिटेड टचस्क्रीन उन्हाळ्यात बिघडला आणि तो बघायला नेला तिथे ॲक्सेसरीजवाल्याने आम्हाला व्यवस्थित गंडवलं. सगळं सविस्तर लिहितेय, कारण नंतर ओळखीतल्या आणखी दोघांकडून अगदी हीच कहाणी ऐकली, आणि दोघांचेही जुने सेट गेले ते गेलेच.

बिघाड काय होता ते आधी नीट वाचा. स्क्रीनची उजवी बाजू टच घेईना, मधूनच आपोआप टच होऊन स्टेशन बदलायचं. पण आवाज ठणठणीत, रेडिओ चालू, स्टेअरिंगवरच्या बटणांनी व्हॉल्यूम पण कमीजास्त होत होता. गाडीची वॉरंटी संपलेली, सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले सुटा पार्ट येत नाही, अख्खं युनिट बदला, तीसेक हजार. म्हणून बाहेर नेली.

दुकानातल्या पोराने पॅनल उचकटून सेट बाहेर काढला, आत घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने मालक येऊन म्हणतो, "मॅडम, मदरबोर्ड उडालाय, हा रिपेअर होणारच नाही, उगाच पैसे घालवू नका." आता मदरबोर्ड उडाला असता तर रेडिओ वाजला असता का? हा प्रश्न तिथेच विचारायचा असतो, पण समोर गाडीचा डॅशबोर्ड उघडा पडलेला, वायरी लोंबकळतायत, आणि मालक एकामागून एक अँड्रॉइड सेट लावून दाखवतोय, अशा वेळी माणूस घाईत हो म्हणतो आणि ते लोक नेमकं तेवढंच साधतात. 4 जीबी रॅम, 64 जीबी मेमरी, अँड्रॉइड 13, साडेचौदा हजार, जुन्या सेटचे दीड हजार वजा. बिल मागितलं तर कच्ची पावती, जीएसटीचं हवं असेल तर वेगळे पैसे म्हणे. पावतीवर जुन्या सेटचा उल्लेखच नाही.

काही दिवसांतच गाडी सकाळी स्टार्ट होईना. बॅटरी डाउन. चार्ज केली की चालायची, दोन रात्री उभी राहिली की परत तेच. शेवटी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने सेट बाहेर ओढला आणि मला बोलावून दाखवलं, "ताई, हे बघा." कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून टाकलेला, वायरी नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेली, आणि पिवळी आणि लाल एकत्र जोडलेली. पिवळीला कायम बॅटरीचा करंट असतो, लाल किल्ली फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. दोन्ही एकत्र केल्या की गाडी बंद असली तरी सेट रात्रभर बॅटरी खात बसतो. आमच्या गाडीला बसणारा तयार कपलर बाजारात सहज मिळतो, त्याने एकही वायर न कापता सेट लागतो. वर आणखी एक, गाडी वॉरंटीत असेल आणि वायर कापलेली दिसली तर कंपनी इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारू शकते.

मग सेटवरच संशय आला. सेटिंगमध्ये 4 जीबी आणि 64 जीबी दिसतं, पण हार्डवेअर दाखवणारं ॲप टाकलं तर रॅम 2 जीबी आणि अँड्रॉइड जुनं. सेटिंगमधला आकडा सॉफ्टवेअरमध्ये हवा तो टाकता येतो, काही वेळा ॲपलाही खोटंच दिसतं, त्यामुळे मेमरीची खात्री करायची तर पेन ड्राइव्हवरून मोठ्या फाइल टाकून बघा, 32 जीबीच्या आसपास अडकलं की समजलं. ही तपासणी पैसे द्यायच्या आधी, दुकानातच करा.

सगळ्यात जास्त संताप आला तो पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका रिपेअरवाल्याने लक्षणं ऐकून सांगितलं तेव्हा. फक्त वरची टचची काच गेली होती. ती वेगळी मिळते, दोनेक हजारात बसवून मिळाली असती, आणि असे "मदरबोर्ड उडालेले" सेट काच बदलून सेकंडहँडला चांगल्या किमतीत विकले जातात.

दुकानदाराकडे जुना सेट परत मागितला तर भंगारात गेला म्हणाला. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, पावतीचा आणि कापलेल्या वायरींचा फोटो जोडला. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला, नवा सेट परत घेऊन दहा हजार देतो म्हणाला. आम्ही नाही म्हटलंय, पूर्ण पैसे आणि वायरिंगचा खर्च हवाय, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तुमचा सेट कुणी काढायला लागला तर आधी त्याच्या मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, आणि दुरुस्त होणार नाही असं म्हणाले तरी तो पिशवीत घालून घरी आणा.