हिरव्या टिकवर विश्वास ठेवला आणि चार दिवस काळा स्क्रीन बघत बसलो (५ पैकी २ स्टार)

आधीच सांगतो, कॉम्प्युटरचे पार्ट सगळे ओरिजनल आले, वेळेवर आले, पॅकिंग पण एकदम झकास, त्यामुळे माल विकणारी साइट म्हणून काही तक्रार नाही. माझा राग आहे तो त्यांच्या कंपॅटिबिलिटी चेकरवर, म्हणजे कुठला पार्ट कशाला चालेल ते सांगणाऱ्या पानावर. तिथे आपण आपला जुना मदरबोर्ड, कॅबिनेट, पॉवर सप्लाय टाकायचा, मग नवीन पार्ट निवडायचे आणि प्रत्येकासमोर हिरवी टिक येते नाहीतर लाल फुली. मला सगळ्या हिरव्या आल्या. सगळ्या!

माझं मशीन २०१८ चं. बी४५० बोर्ड, राइझन ३ २२००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एक साटा वायरीने जोडलेली हार्ड डिस्क. तसं रडतखडत चालत होतं पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही. गंमत बघा, २००० सिरीजचे बरेच राइझन चालतात पण २२००जी चं नाव २००० चं आणि आत डिझाइन आधीच्या पिढीचं, म्हणून यादीत नाही. मग राइझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) आणि एक मध्यम ग्राफिक्स कार्ड असं सगळं एकदम मागवलं.

पहिला झटका कूलर काढताना. चार स्क्रू सोडले, कूलर वर ओढला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरच बाहेर आला, सॉकेटचा लिव्हर लॉक असताना! माझ्या बोर्डाचं सॉकेट एएम४, त्यात पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि प्रोसेसर-कूलरमधली सात-आठ वर्षं जुनी पेस्ट वाळून सिमेंट झालेली. कोपऱ्यातल्या चार-पाच पिना आडव्या. (कुणी करणार असाल तर आधी पंधरा-वीस मिनिटं मशीनवर चांगला लोड टाकून गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा आणि मगच उचला.) म्हटलं जाऊ दे, जुनाच आहे, आता कशाला लागतोय. हे वाक्य लक्षात ठेवा.

नवीन प्रोसेसर बसला, रॅम बसली. ग्राफिक्स कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं, तो स्क्रू काढून बाहेर काढला. मग कळलं की कार्डाला ८ पिनचा कनेक्टर पाहिजे आणि माझ्या सप्लायला ६ पिनचा एकच. चेकरने फक्त वॅटची बेरीज केली होती, ४५० वॅट पुरतात म्हणे. अरे पुरतात, पण कार्डापर्यंत जाणार कशातून? स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून अजून ७५, ८ पिन असेल तर १५०, एवढं साधं गणित आहे आणि सप्लायच्या पानावर कनेक्टर किती ते छापलेलंच असतं.

ठीक आहे, कार्ड बाजूला ठेवलं, एचडीएमआय थेट बोर्डाला लावली आणि चालू केलं. पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन काळा. रॅम काढून परत लावली, एकच लावली, स्लॉट बदलले, सेल काढून पाच मिनिटं थांबलो. काळा. रात्री मावसभावाला फोन केला तर तो हसायलाच लागला, "दादा, ५६०० ला डिस्प्ले नसतोच रे, नावात जी पाहिजे." ही चूक माझी, मान्य. जुना जी वाला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला होता म्हणून डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो त्याचं जुनं छोटं कार्ड घेऊन आला, ज्याला वेगळी वायर लागत नाही. लावलं. तरी काळा! आणि इथे खरी डोकेदुखी आहे, कारण ग्राफिक्स नसलं तरी काळा, कार्डाला पॉवर नसली तरी काळा आणि बायोस (मशीन चालू होताना बोर्डावर आधी चालणारं सॉफ्टवेअर) जुना असला तरी काळाच. माझ्या बोर्डात २०१८ चा बायोस, प्रोसेसर आला २०२२ मध्ये, तो ओळखणार कसा. बरं अपडेट करावा तर आधी मशीन चालू व्हायला पाहिजे, काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं बटण असतं, माझ्याला नाही. म्हणजे लागणार कोण? तोच पिना वाकलेला २२००जी.

पाऊण तास घालवला त्या पिनांवर. मेकॅनिकल पेन्सिलमधली लीड काढून पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर घालायचं आणि केसभर केसभर सरळ करायची, मध्ये श्वास सोडायला पण भीती वाटत होती. तुटली असती एखादी तर खेळ खल्लास. शेवटी प्रोसेसर स्वतःच्या वजनाने सॉकेटमध्ये अलगद उतरला तेव्हा मावसभावाने आणि मी अक्षरशः टाळी दिली. मग फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून आधी मधलं एक व्हर्जन, मग शेवटचं (थेट शेवटचं घेत नाही, हे बोर्डाच्या डाउनलोड पानावर बारीक अक्षरात), आणि मग ५६०० एका झटक्यात चालू.

साइटच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, "सर, बोर्डचं सॉकेट एएम४ आहे आणि प्रोसेसर पण एएम४ आहे, त्यामुळे कंपॅटिबल आहे." अहो साहेब, बसणं वेगळं आणि चालणं वेगळं! इंटेलमध्ये पण हेच झालेलं, २०१५ चं एलजीए ११५१ सॉकेट आणि २०१७ मधलं आठव्या पिढीचं, नाव तेच, मापाने बसायचं तेच, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात चालत नव्हता. बायोसची अट सांगायला टिकच्या शेजारी एक ओळ पुरली असती.

रॅमचा काही त्रास नाही, फक्त जुनी काठी नवीनसोबत ठेवू नका, सगळी हळू चालते.

एसएसडी लावल्यावर मात्र जुनी हार्ड डिस्क गायब. त्यात पोरीचे लहानपणापासूनचे फोटो, बायको मागे उभी राहून विचारतेय "बॅकअप घेतलायस ना?" आणि मी नुसतं हं हं. डिस्क धडधाकट होती हो, माझ्या बोर्डात एसएसडीचा एम.२ स्लॉट वापरला की दोन साटा पोर्ट बंद होतात आणि माझी नेमकी त्यातल्याच एकात. वायर दुसऱ्या पोर्टला लावली, आली. हेही मॅन्युअलमध्ये आहे, चेकरमध्ये नाही. विंडोज ११ साठी बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची सोय) चालू करावा लागला, ते दहा मिनिटांचं काम.

शेवटी ८ पिन वाला मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणारा) सप्लाय दुसरीकडून घेतला. त्यात साटाची वायर आखूड पडली म्हणून मावसभावाने त्याच्या सप्लायची काढून दिली, प्लग बरोब्बर बसला पण. नशीब बटण दाबायच्या आधी वाचलं की सप्लायच्या बाजूचं पिनांचं वायरिंग प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि चुकीची वायर लागली तर डिस्क जळू शकते. काढली लगेच.

दोन स्टार कशाचे? एक पॅकिंगचा आणि एक रॅमचा. काल रिव्ह्यूसाठी त्यांचा मेल आला, त्यात माझ्या बिल्डची यादी होती, अगदी वरती माझा जुना ४५० वॅटचा सप्लाय आणि त्याच्यासमोर अजून हिरवी टिक.