खाऱ्या वाऱ्यातील जुने संगणक आणि मिरकरवाड्याजवळचे एक दुरुस्ती दुकान

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक लहानसे दुकान आहे. मासेमारी बोटींवरचे वायरलेस संच आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारी यंत्रे) दुरुस्त करणे हा तेथील मुख्य व्यवसाय. आपले नाव छापू नये अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. बंदरावर कोणत्याही तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारले तरी दुकान सापडते. या दुकानात मी माझा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस दुरुस्त करून घेतला, त्यानंतर एका मित्राचा बीबीसी मायक्रोही तेथेच गेला, आणि या दोन्ही कामांवरून माझे ठाम मत झाले आहे की समुद्रकाठी राहिलेला जुना घरगुती संगणक पुन्हा चालू करायचा असेल, तर पुण्या-मुंबईच्या आधी येथे यावे.

माझे यंत्र डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून परवाना घेऊन भारतात विकलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आहे. इंग्लंडच्या सिंक्लेअर रिसर्चने १९८२ मध्ये आणलेल्या मूळ स्पेक्ट्रमचेच हे पुढचे रूप: ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर, ४८ किलोबाइट रॅम, आणि रबरी बटणांच्या जागी प्लास्टिकच्या कडक कळा. आमच्या जांभ्याच्या घरात ते कित्येक पावसाळे माळ्यावर पडून होते. खाली काढून टीव्हीला जोडले तेव्हा ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ ही ओळखीची ओळ उमटण्याऐवजी पडद्यावर उभे पट्टे आले आणि तसेच राहिले. एका मोठ्या शहरातील दुकानाने बोर्ड अल्कोहोलने पुसला, यूएलए जळाल्याचे सांगितले आणि यंत्र परत पाठवले. यूएलए ही फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठी बनवलेली खास चिप असल्यामुळे ती गेली असे ऐकले की बहुतेक लोक आशाच सोडून देतात. प्रत्यक्षात ती शाबूत होती.

मिरकरवाड्याच्या दुकानातील कामाचा पहिला विशेष म्हणजे तेथे बोर्ड आधी पाण्याने धुतात. हे वाचून अनेक हौशी मंडळी दचकतील, कारण इलेक्ट्रॉनिक्स आणि पाणी यांचे वैर आपल्या मनात पक्के बसलेले असते आणि सफाई म्हटली की आपण आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली उघडतो. परंतु किनाऱ्यावरच्या बोर्डावर साचलेला मुख्य मळ असतो मिठाचा, आणि मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. पुसताना ते फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते, आणि ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे पावसाळ्याचे चारही महिने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. असा खारट ओलावा वीज वाहून नेतो. यंत्र चालू केले की शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये गळती सुरू होते, तांबे हळूहळू खाल्ले जाते आणि सोल्डरच्या कडेला हिरवा काट चढतो. बोटींवरचे संच वर्षानुवर्षे हाताळलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. मालकांनी झाकण उघडून बोर्ड उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, “आधी धुऊन बघू, मग सोल्डरिंगचं बोलू.”

धुण्याची पद्धतही शिस्तीची होती. सॉकेटमधल्या चिप काढून बाजूला ठेवल्या, कळफलक वेगळा केला, डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कुंचल्याने दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा धुतल्या, आणि त्यानंतरच आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले, कारण तेथे त्याचे खरे काम पाणी हाकलण्याचे असते. नळाचे पाणी अजिबात वापरले नाही. त्यातील क्षार वाळल्यावर मागे राहतात. सुकवण्यासाठी बल्ब लावलेली लाकडी पेटी आहे. श्रावणात ऊन मिळणार नाही हे गृहीत धरून केलेली ही सोय मला फार पसंत पडली. चिपचे काळवंडलेले पाय आणि सॉकेटमधील संपर्कही साफ झाले, आणि त्या टप्प्यावर यूएलएला दोष देण्याचे अर्धे कारण संपले.

पुढची तपासणी पाहण्यासाठी त्यांनी मला शेजारी बसू दिले. स्पेक्ट्रममधील खालची १६ किलोबाइट रॅम ४११६ जातीच्या आठ चिपची असते आणि या चिपना एक नव्हे, तीन प्रकारचा पुरवठा लागतो: पहिल्या पायावर उणे ५ व्होल्ट, आठव्यावर १२ आणि नवव्यावर ५ व्होल्ट. यातील १२ आणि उणे ५ व्होल्ट बोर्डावरचेच एक छोटे परिपथ तयार करते. एक गुंडाळी, टीआर-४ आणि टीआर-५ या नावांचे दोन ट्रान्झिस्टर आणि काही सुटे भाग एवढाच त्याचा पसारा. टीआर-४ गेला, उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले आणि बाकीचा पुरवठा मात्र चालूच राहिला, तर ४११६ चिप एकामागोमाग एक मरतात. म्हणून पट्टे दिसले की चालू-बंद करून पाहत बसणे हा त्या यंत्रावरचा अन्याय आहे, ही गोष्ट प्रत्येक नव्या हौशी माणसाला सांगितली पाहिजे. येथे मल्टीमीटरने आधी वीज न देता प्रत्येक पुरवठ्याचा रोध मोजला गेला, मग व्होल्टेज, आणि त्यानंतर ऑसिलोस्कोप (विजेचे तरंग पडद्यावर दाखवणारे उपकरण) बाहेर आला. टीआर-४ गेलेला निघाला आणि त्याच्यासोबत एक रॅम चिपही. जुनी चिप डिसोल्डरिंग पंपाने काढताना एकही पॅड (चिपचा पाय सोल्डर करण्याची तांब्याची टिकली) उचलला गेला नाही. या पातळ, जुन्या तांब्याच्या बोर्डावर ती साधी गोष्ट नाही. चिपच्या जागी त्यांनी सॉकेट बसवले.

यंत्र चालू झाल्यावर वरची रॅम शाबूत आहे का, हे त्यांनी यंत्रातल्याच बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतून पाहिले. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ असे लिहिल्यावर ६५५३५ हे उत्तर आले तर पूर्ण ४८ किलोबाइट चालू आहे, ३२७६७ आले तर यंत्र स्वतःला १६ किलोबाइटचेच समजते आहे. वरच्या ३२ किलोबाइटसाठी सिंक्लेअरने अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिप घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धा भाग वापरला. पैसे वाचवण्याची ही युक्ती मला आजही कौतुकास्पद वाटते. माझ्या पडद्यावर ६५५३५ उमटले.

दुसरा विशेष म्हणजे संयम. जुन्या यंत्रातील सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, वयानुसार उतरणारे भाग) सरसकट बदलण्याची आज चाल आहे. येथे प्रत्येक कपॅसिटर मोजला गेला आणि जे उतरले होते तेवढेच बदलले. बाकीचे मूळचे राहिले. ७८०५ रेग्युलेटरच्या बाबतीत मात्र त्यांनी बदल सुचवला. हा भाग ९ व्होल्टच्या अनियंत्रित अडॅप्टरकडून वीज घेऊन ५ व्होल्ट देतो आणि मधला फरक उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. गावाकडे रात्री उशिरा घरातला वीजदाब वर चढला की अडॅप्टरचाही चढतो आणि रेग्युलेटर अधिकच तापतो. त्याच तीन छिद्रांत बसणारे, फारसे न तापणारे स्विचिंग मॉड्यूल त्यांनी लावले आणि मूळ ७८०५ पिशवीत घालून माझ्या हाती दिला, म्हणजे पुढे कोणाला यंत्र पूर्ववत करायचे असल्यास अडचण नाही. बोटीच्या संचांप्रमाणे बोर्डावर संरक्षक व्हार्निश मारावे असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. व्हार्निशखाली एखादी चिप पुढे बदलायची झाली तर ते खरवडताना पट्ट्या निघतात, आणि घरात राहणाऱ्या यंत्राला त्याची गरजही नाही. सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा तासभर चालवा, असा त्यांचा सल्ला होता. तो मला पटला.

कळफलकाचे काम मध्यम म्हणावे लागेल. स्पेक्ट्रममधील कळफलकाच्या पातळ प्लास्टिक पट्ट्या जुन्या झाल्या की कडक होऊन तुटतात आणि त्यावर दुरुस्ती टिकत नाही. नवे मेंब्रेन, म्हणजे कळांखालचा पट्ट्यांसहित पातळ थर, आजही तयार होते, पण ते परदेशातून मागवावे लागते. ते मीच मागवले आणि दुकानाने फक्त बसवून दिले.

टीव्हीची जोडणी त्यांनी सुधारली. मूळ यंत्र चॅनेल ३६ वर आरएफ संकेत, म्हणजे टीव्हीच्या अँटेना सॉकेटला द्यायचा संकेत, पाठवते. त्याऐवजी चित्राचा संकेत, आरएफ तयार करणाऱ्या मॉड्युलेटरला वळसा घालून, थेट त्याच सॉकेटला दिल्यामुळे आता टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटमधून अक्षरे स्वच्छ दिसतात. पेटीला नवे छिद्र पाडलेले नाही.

कॅसेटविषयी मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण या यंत्राचे कार्यक्रम साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर साठवलेले असतात आणि कोकणातील संग्रहाचे खरे नुकसान तेथे होते. आमच्याकडच्या पावसाळ्यात फितीच्या कडांवर पांढरी बुरशी येते. अशी कॅसेट तशीच प्लेअरमध्ये घातली तर हेड (फीत वाचणारा भाग) मळते, बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते आणि पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ येत राहते. दुकानात ती कॅसेट उघडून, फीत हाताने फिरवत, कोरड्या मऊ कापडातून हलकेच ओढून साफ केली गेली. माझ्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. तो बदलला आणि हेडचा कोन कानाने ऐकत, आवाजातील तीक्ष्णता सर्वाधिक होईल तेथे स्क्रू फिरवून लावला. आयुष्यभर टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेल्या कानाला जे कळते ते येथे कामी आले. वाचल्या गेलेल्या कॅसेटचा आवाज त्यांनी लगेच संगणकावर फाइल म्हणून उतरवून दिला. आता मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून तीच फाइल स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटला दिली की ४८ किलोबाइटचा कार्यक्रम सुमारे पाच मिनिटांत चढतो. वडिलांनी लिहिलेला आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचा बेसिक कार्यक्रम असा परत मिळाला, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या दुकानाचा ऋणी आहे.

मित्राचा बीबीसी मायक्रो ही वेगळी कथा आहे. शाळांमध्ये संगणक पोचवण्याच्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात १९८४-८५ पासून ही यंत्रे भारतात आली. या यंत्राच्या वीजपुरवठ्यात मुख्य लाइनवर पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. आवरणाला वयामुळे तडे जातात, आत दमटपणा शिरतो आणि यंत्र चालू केल्यावर ते फुटून दाट, उग्र धूर येतो. कोकणात जपलेला बीबीसी मायक्रो हे कपॅसिटर बदलल्याशिवाय प्लगला लावूच नये. मालकांनी तडे पाहताच, न विचारता, प्रथम तेवढेच काम केले. पिवळ्या पडलेल्या पेटीला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून मूळ रंग आणण्याचे काम ते करत नाहीत, आणि ते मला योग्यच वाटले.

उणिवाही आहेत. खर्चाचा अंदाज तोंडी मिळतो, लेखी नाही. कोणते भाग बदलले आणि कोठे किती व्होल्ट मोजले याची नोंद मागितल्याशिवाय देत नाहीत. जुन्या रॅम चिप स्थिर विजेने सहज मरतात, तरी मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा मला तेथे दिसला नाही. पावसाळी हवेत धोका कमी असला तरी थंडीच्या कोरड्या दिवसांत ही सवय असायला हवी, आणि हे मी त्यांना बोलूनही दाखवले. मजुरी माझ्याकडून १,८०० रुपये घेतली, सुटे भाग वेगळे. या कामाला लागणारा वेळ पाहता ती कमी आहे.

यायचे असेल तर मोसम पाहून यावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सगळ्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात आणि त्यांचे संच १ ऑगस्टच्या आत तयार करून द्यायचे असतात, त्यामुळे त्या दोन महिन्यांत संगणकाकडे कोणी पाहत नाही. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. स्वतःचा मूळ अडॅप्टर बरोबर आणावा. स्पेक्ट्रमचा प्लग आतून ऋण आणि बाहेरून धन असा असतो, तर आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, आणि चुकीचा लावला तर नेमका टीआर-४ च्या परिसरातच घात होतो. कुरिअरने यंत्र पाठवल्यास ते स्वीकारत नाहीत. यंत्र ज्याचे त्याच्यासमोरच झाकण उघडायचे, असा त्यांचा नियम आहे.