ट्रिव्ही की सिफ्ट-ग्राइप: सर्व्हरच्या झाडाझडतीसाठी काय निवडावे?

सर्व्हरच्या डिस्कवर कोणती पॅकेजे (सॉफ्टवेअरचे बसवायला तयार संच) बसवलेली आहेत आणि त्यांपैकी कशात जाहीर झालेली सुरक्षा-त्रुटी आहे, हे शोधणाऱ्या मुक्तस्रोत साधनांत दोन पर्याय सहसा समोरासमोर येतात: ॲक्वा सिक्युरिटीचा ट्रिव्ही, आणि अँकोर या कंपनीची सिफ्ट व ग्राइप ही जोडी. दोन्ही गो भाषेत लिहिलेली असून दोन्हींचा परवाना अपाची २.० आहे. फरक कामाच्या मांडणीत आहे. ट्रिव्ही पॅकेजांची यादी करणे आणि ती त्रुटींच्या डेटाबेसशी ताडणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत उरकतो. दुसरीकडे सिफ्ट केवळ यादी तयार करतो आणि ग्राइप ती यादी वाचून त्रुटी सांगतो. निवड करताना माझ्या मते याच गोष्टीला सर्वाधिक वजन द्यावे.

त्याचे कारण २९ मार्च २०२४ रोजी दिसले. त्या दिवशी एक्सझेड युटिल्स या फायली आक्रसणाऱ्या लिनक्सवरील साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला, आणि प्रत्येक व्यवस्थापकापुढे एकच प्रश्न उभा राहिला: हे आपल्याकडे कुठे आहे? ज्यांनी प्रत्येक यंत्राची यादी, म्हणजेच एसबॉम ('सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स'), आधीच जपून ठेवली होती, त्यांना एकाही सर्व्हरला हात न लावता त्या फायलींत शोध घेऊन उत्तर देता येत होते. ट्रिव्हीही सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या एसबॉमच्या प्रमाणित स्वरूपांत यादी लिहितो आणि पुढे तीच यादी तपासूनही देतो, हे खरे. पण ते आठवणीने करावे लागते. सिफ्ट-ग्राइपच्या रचनेत यादी हा स्वतंत्र टप्पाच असल्यामुळे ती जपण्याची सवय आपोआप लागते.

ट्रिव्ही वापरताना नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती 'एफएस' आणि 'रूटएफएस' या दोन उपआज्ञांत. पहिली प्रकल्पाच्या फोल्डरसाठी आहे: ती पॅकेज-लॉक, रिक्वायरमेंट्स अशा, लागणारी पॅकेजे नोंदवणाऱ्या घोषणापत्रांच्या फायली वाचते. दुसरी चालू यंत्रासाठी आहे: ती प्रत्यक्ष बसवलेली पायथन व नोड पॅकेजे, जावाच्या जार फायली (गुंडाळलेली जावा पॅकेजे) आणि गोचे बायनरी (संकलित, थेट चालणाऱ्या फायली) तपासते. डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील गाजलेली त्रुटी, जिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, अशा जार फायलींतच, कित्येकदा एका जारच्या पोटातील दुसऱ्या जारमध्ये, दडून बसली होती. सर्व्हरवर चुकून 'एफएस' चालवले तर जार फायली तपासल्याच जात नाहीत, आणि अहवाल मात्र स्वच्छ दिसतो. सिफ्टही निर्देशिका आणि कंटेनर-इमेज (ॲप व त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेले पुडके) यांसाठी शोधकांचे वेगवेगळे संच लावतो. तेव्हा कोणता संच लागू झाला, हे तिथेही पाहून घ्यावे.

हाताने बांधून 'ऑप्ट' या निर्देशिकेखाली टाकलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. डेबियन या लिनक्स वितरणाच्या यंत्रावर 'व्हार-लिब-डीपीकेजी'मधील 'स्टेटस' ही फाईल उघडली, तर प्रत्येक पॅकेजचे नाव, त्याची स्थिती आणि आवृत्ती ओळीने लिहिलेली सापडते, आणि दोन्ही साधने मुळात हीच खातेवही वाचतात. तिच्यात ज्याची नोंद नाही, असे स्वतः संकलित केलेले एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ट्रिव्हीच्या नजरेतून सुटते. सिफ्ट मात्र काही ठरावीक बायनरींच्या आत कोरलेला आवृत्तीचा मजकूर ओळखतो. मी सांभाळलेल्या जुन्या सर्व्हरांवर असे अनाथ बायनरी इतके निघत, की केवळ एवढ्यासाठी मी सिफ्टच्या बाजूने झुकतो. याची किंमतही मोजावी लागते: अशा बायनरींसाठी ग्राइप अमेरिकेच्या एनव्हीडी या राष्ट्रीय त्रुटी-डेटाबेसातील नावांशी जुळणी करतो, आणि त्यातून खोटे इशारे निघतात. ट्रिव्ही एनव्हीडीचा उपयोग जुळणीसाठी करत नाही, त्यामुळे त्याचा अहवाल तुलनेने आटोपशीर असतो.

वितरणाच्या पॅकेजांबाबत दोघेही शहाणे आहेत. डेबियन ११ मधील ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीची आवृत्ती '१.१.१एन-०+डेब११यू५' अशी दिसली, तर केवळ '१.१.१एन' पाहून ती जुनी ठरवणे चूक आहे, कारण डेबियन मूळ आवृत्ती तशीच ठेवून नंतरच्या दुरुस्त्या तिच्यात घालते, आणि त्यांची गणती शेवटच्या 'यू५'मध्ये असते. ट्रिव्ही आणि ग्राइप दोन्ही डेबियनची स्वतःची माहिती वापरत असल्याने ही शेपटी त्यांना वाचता येते.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. गुपिते (फायलींत राहून गेलेले पासवर्ड व किल्ल्या), चुकीची संरचना आणि परवाने हेही एकाच साधनाकडून तपासून घ्यायचे असेल, तर ट्रिव्हीला पर्याय नाही, कारण गुपिते आणि संरचना यांच्या वाटेला सिफ्ट-ग्राइप जातच नाहीत. इंटरनेट नसलेल्या यंत्रांसाठी दोन्हींचे डेटाबेस बाहेरून आणून बसवता येतात. गंभीर त्रुटी सापडताच बिल्ड (सॉफ्टवेअरची स्वयंचलित बांधणी) थांबवण्याची सोयही दोन्हींत आहे. मुंबईतील शेअर दलाल किंवा निधी व्यवस्थापन कंपन्यांकडे काम करणाऱ्यांना मात्र यादी टाळता येणार नाही: सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत महत्त्वाच्या प्रणालींसाठी एसबॉमची अपेक्षा आहे.

एकटा विकासक किंवा पाच-सात जणांचा चमू, कंटेनरवर चालणारा एखादा प्रकल्प आणि बिल्डच्या वेळी लागणारे एक फाटक, एवढीच गरज असेल तर ट्रिव्ही घ्यावा. अनेक वर्षांचे, अनेक हातांनी सजवलेले सर्व्हर असतील आणि सहा महिन्यांनी कोणी विचारले तर उत्तर द्यायचे असेल, तर सिफ्टच्या याद्या तारखेनिशी साठवाव्यात आणि ग्राइप त्यांवर रोज चालवावा. ठरवण्यापूर्वी एका जुन्या यंत्रावर ट्रिव्ही 'रूटएफएस' आणि सिफ्ट दोन्ही चालवून पाहावेत, पण त्रुटींचे आकडे न ताडता पॅकेजांच्या याद्या ताडाव्यात. 'ऑप्ट'खाली आपण स्वतः काय काय टाकले होते ते आधी कागदावर लिहावे आणि मग त्यातले किती कोणत्या यादीत आले ते मोजावे.